त्या टोकाची पुस्तकं

रविवार, रात्री

रागावण्यासारखं काही घडलंच नाही, तीच तर पंचाईत. कुणी तुसडेपणानं बोललं असतं तर नंदूला फोन लावून यथेच्छ तोंडसुख घेतलं असतं आणि विषय संपला असता. पण पुस्तकं विकणारी ती बाई गोड बोलली. 'हनी' म्हणाली. माझ्या हातातलं पुस्तक अलगद काढून घेतलं, परत ढिगावर ठेवलं आणि म्हणाली, 'तुझी पुस्तकं त्या टोकाला आहेत, शॉमबर्ग लायब्ररीच्या बाजूला. इतिहास, कविता, तसलं.'

तुझी पुस्तकं!

काल हार्लेम बुक फेअरला, न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या पुस्तकजत्रेला, गेले होते. एकटीच. (नंदूचं काय झालं ते लिहीत नाही, लिहिलं की वाढतं.) 1998 पासूनची ही जत्रा. पश्चिम 135व्या रस्त्यावर तंबू लागतात, लेखक स्वतःच विकायला बसतात. बसतात कसले, उभे राहून हाका मारतात. एका बाजूला प्राध्यापक मंडळी, चरित्रं, मुलांची चित्रपुस्तकं. आणि दुसरीकडे ज्याला इथं स्ट्रीट लिट म्हणतात ते, गल्लीतल्या गुन्हेगारी जगाच्या कादंबऱ्या. चकचकीत मुखपृष्ठावर सोन्याच्या साखळ्या, बंदूक, पाठमोरी बाई, लांबलचक गाडी. गर्दी तिथं. बायकांची जास्त. एकीनं एका मालिकेचे तिन्ही भाग छातीशी धरले होते, जणू कुणी हिसकावणार होतं.

मला तिथंच जायचं होतं, हे त्या बाईला कसं सांगायचं? सांगायचं तरी का? मी मुळात असल्याच पुस्तकांवर वाढलेली. बाबूराव अर्नाळकर. झुंजार, काळा पहाड. लायब्ररीवाले काका रोज एकच पुस्तक द्यायचे म्हणून मी ते परतीच्या वाटेवर अर्धं संपवायची. अण्णा म्हणायचे, असलं वाचून डोकं सडतं. आणि स्वतः... जाऊ दे. अण्णांवर आज नको.

तर ती बाई. मला वाचक मानायलाच तयार नाही. म्हणजे वाचक मानते, पण दुसऱ्या जातीची वाचक. हे लिहिल्यावर जरा थबकले, पण खोडत नाही.

या पुस्तकांना कुणी आपलं म्हणावं म्हणून केवढी मारामारी झाली आहे, मला माहीत नाही असं तिला वाटलं की काय? डेट्रॉइटचा डॉनल्ड गोइन्स तुरुंगात लिहायला लागला, चार-पाच वर्षांत 16 कादंबऱ्या लिहून मोकळा झाला, आणि 1974 साली त्याला राहत्या घरात गोळ्या घातल्या. व्हिकी स्ट्रिंगरनंही कादंबरी लिहिली ती कोठडीत. एकही प्रकाशक घेईना, तेव्हा स्वतः छापली, गाडीच्या डिकीतून विकली, आणि पुढे ओहायोत स्वतःचीच प्रकाशनसंस्था काढली. हे सगळं तिथं उभ्या उभ्या मनात म्हणत होते. परीक्षेला बसल्यासारखी. तिला सुनावलं मात्र काही नाही. 'थँक यू' म्हणाले आणि खरंच त्या टोकाला गेले! आज्ञाधारक कार्टी.

2006 साली निक चाइल्स नावाच्या कृष्णवर्णीय लेखकानं न्यूयॉर्क टाइम्समध्ये गळा काढला होता. पुस्तकांच्या दुकानात त्याला आपल्या कादंबऱ्या या चकचकीत मुखपृष्ठांच्या गराड्यात सापडल्या, सगळं एकाच 'आफ्रिकन-अमेरिकन' पाटीखाली. त्याला तिकडे ठेवलं म्हणून तो रडला, मला तिकडे राहू दिलं नाही म्हणून मी रडतेय. दोघांना एका खोलीत बसवायला हवं.

त्या टोकाला गेलेच होते, तर शॉमबर्गच्या आत जाऊन बसले. गार होतं. तिथल्या फरशीखाली कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूजच्या अस्थी आहेत, लोक वाकून बघतात. याच ह्यूजच्या 1927च्या संग्रहाला कृष्णवर्णीयांच्याच वृत्तपत्रांनी कचरा ठरवलं होतं. का, तर गुत्त्यातली, गल्लीतली माणसं कवितेत आणून समाजाची अब्रू घालवली म्हणून. आज तो शाळेच्या पुस्तकात. म्हणजे तो पण कधीतरी तिच्याच टोकाला होता की.

हे तिला जाऊन सांगावं असं फार वाटलं. मग खिडकीच्या काचेत माझं मलाच ध्यान दिसलं. सुती कुर्ता, चष्मा, खांद्याला शॉमबर्गचीच पिशवी, तिच्यातून डोकावणारे कवितासंग्रह. दोन. आणि हार्लेमशी माझी ओळख तरी कुठल्या वाटेनं झाली? 1972ची दलित पँथर, तिचं नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून, मग परिसंवाद, मग टिपणं काढून वाचलेलं कृष्णवर्णीय साहित्य. सगळं मान्यवर. काका लायब्ररीवाले नुसत्या चपलांवरून गिऱ्हाईक ओळखायचे. हिच्यासमोर तर मी अख्खी उभी होते.

परत गेले. तिनं वर पाहिलं, हसली. मी 15 डॉलर पुढे केले, तर म्हणते, 'पहिला भाग घे. हा तिसरा आहे.' म्हणजे मघाशी मी उचलला होता तो तिसरा!

आता एक वाजलाय. नायिका हातकड्या घालून पोलिसांच्या गाडीत आणि खाली मोठ्या अक्षरांत 'पुढे चालू'. शेवटच्या पानावर मागणीचा फॉर्म आहे, तुरुंगातल्या वाचकांना सवलत, पैसे फक्त मनीऑर्डरनं. सोमवारी दुपारच्या सुट्टीत पोस्टात जायला हवं, आणि मनीऑर्डर इथं कशी करतात ते नंदूलाच विचारावं लागणार.