कार्डिफमध्ये हेडफोन लावून ऐकलेला प्रश्नोत्तराचा तास

2023 च्या ऑक्टोबरमध्ये भाच्याकडे कार्डिफला गेले होते, तो तिकडे एमएससी करत होता. मंगळवारी सकाळी म्हणाला, मावशी किल्ला काय उद्याही तिथेच असेल, आज सेनेदला जाऊ. सेनेद म्हणजे वेल्सची विधानसभा, अगदी पाण्याच्या काठाला, सगळी काच, पाटीचा काळा दगड आणि वर लाटेसारखं लाकडी छत. तिकीट नाही, एअरपोर्टसारखी बॅग स्कॅन केली की आत. आमच्या काकांनी नागपूर अधिवेशनाच्या पाससाठी आमदाराच्या पीएला किती फोन केले होते ते आठवलं नि हसूच आलं.

गॅलरीतून काचेपलीकडे खाली सभागृह दिसतं, तेव्हा मेंबर फक्त 60, गोलात बसलेले, प्रत्येकापुढे कॉम्प्युटर. दीड वाजता फर्स्ट मिनिस्टरना, म्हणजे तिथल्या मुख्यमंत्र्यांना, प्रश्न सुरू झाले, तेव्हा मार्क ड्रेकफर्ड होते. मला वाटलं मोठमोठे विषय निघतील, पण निघालं काय तर दवाखान्यातली वेटिंग लिस्ट, गावची बस आणि 20 मैलांचं लिमिट! सप्टेंबरमध्येच वस्तीतल्या रस्त्यांवरची मर्यादा 30 वरून 20 मैलांवर, म्हणजे ताशी साधारण 32 किलोमीटरवर आणली होती आणि विरोधाच्या याचिकेवर चार लाखांच्या वर सह्या, तेही जेमतेम 31 लाख वस्तीच्या देशात. आरोग्य, शाळा, बस हे सगळं यांच्या हातात, म्हणून त्याचाच जाब. पोलीस मात्र लंडनकडे, स्कॉटलंडला ते मिळालेत, यांना नाही. आधी लिहून दिलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालं की लगेच पुरवणी प्रश्न, ते आपल्यासारखंच, फक्त वेलमध्ये कोणी धावत नाही.

पण मी खरी अडकले ती हेडफोनमध्ये. मध्येच एक बाई उठल्या आणि सरळ वेल्शमध्ये सुरू झाल्या, खाली बऱ्याच जणांनी गपचूप हेडफोन कानाला लावले, मीही लावला, इंग्रजी भाषांतर येत होतं. ड्रेकफर्डनीही वेल्शमध्येच उत्तर दिलं. कोणाच्या कपाळाला आठी नाही. आणि गंमत म्हणजे भाषांतर एकाच बाजूने, वेल्शचं इंग्रजी करतात, इंग्रजीचं वेल्श करत नाहीत, कारण वेल्शवाल्यांना इंग्रजी येतंच ना! म्हणजे हेडफोन कोणी लावायचा तर ज्याला येत नाही त्याने. शंभरात जेमतेम 18 जणांना येणारी भाषा, आणि वेल्सला स्वतःची विधानसभा हवी का यावरचं 1997 चं सार्वमत तर फक्त 6,721 मतांनी जिंकलेलं, नाहीतर हे सभागृहच नसतं. मी बँकेत मराठी बोलताना आधी समोरच्याचा चेहरा बघते, ते आठवून जरा ओशाळलेच.

वर कॅफेत कॉफी घेतली, महाग वाटली. निघताना भाच्याने शिकवलेलं थँक यू गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांना म्हणून बघितलं, दीओल्ख. ते म्हणाले, हा ख कुठून आणलात, इथल्या इंग्रजांना जमत नाही.