ऐकायचं संगीत बघता कशाला?

"विसाव्या शतकातलं ते कर्कश पाश्चात्त्य संगीत, तेही टीव्हीवरच्या माहितीपटात? संगीत ऐकायचं असतं हो, बघता काय?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पहिल्या नाहीत तुम्ही.

नुसतं ऐकून माझ्या डोक्यात काही शिरलंच नव्हतं. ऑस्ट्रियन संगीतकार वेबर्नच्या ऑपस १० (म्हणजे दहाव्या क्रमांकाची रचना) मधला चौथा तुकडा घ्या. जेमतेम सहा बार, म्हणजे तालाची सहा छोटी आवर्तनं, अर्ध्या मिनिटात खलास. पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, वादक अजून वाद्यंच लावतायत. पुढे तो वाजवताना पाहिला. मॅंडोलिनवर बोटं हलली, थांबली, आणि कॅमेरा ट्रम्पेटकडे वळला. तिथून ट्रॉम्बोन. शेवटी एकटं व्हायोलिन, गज तारेला टेकतोय न टेकतोय इतका हलका. विस्कळीत वाटलेले ते स्वर एक जण दुसऱ्याच्या हातात देत होता. आधी डोळ्यांना दिसलं, मग कानांना ऐकू आलं.

सगळेच माहितीपट असे नसतात. बहुतेकांना १९१३ सालच्या पॅरिसचं वेड. स्ट्राविन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग' या बॅलेचा पहिला प्रयोग, आरडाओरडा, गोंधळ, हे सगळं निवेदक रंगवून सांगतो आणि ज्यावरून एवढं रामायण झालं ते संगीत बिचारं त्याच्या आवाजाखाली दबून जातं. सुरुवातीला बसून हे फुंकून वाजवायचं खर्जातलं वाद्य किती उंच सुरात चढवलंय! वादकाचे ओठ दाखवा ना जवळून. तारखा काय, कुठेही मिळतात.

सायमन रॅटलनं १९९६ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोर या वाहिनीसाठी या संगीतावर सात भागांची मालिका केली. तो स्वतः कंडक्टर, त्यामुळे बोलून झालं की ऑर्केस्ट्रासमोर उभा राहतो आणि वाजवून घेतो. मला तो बोलतो त्यापेक्षा गप्प बसतो तेव्हा जास्त आवडतो.

आणि अमेरिकन संगीतकार जॉन केज! १९६० साली अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या एका मनोरंजनाच्या कार्यक्रमात त्यानं 'वॉटर वॉक' सादर केलं. बाथटब, प्रेशर कुकर, बर्फ, पियानो, पाच रेडिओ. रेडिओचा प्लग कोणत्या युनियननं लावायचा यावर वाद झाला, म्हणून ते चालू न करता तो नुसते थापटत होता आणि टेबलावरून खाली ढकलत होता. प्रेक्षक खो-खो हसतायत. पहिल्यांदा मीही हसले. दुसऱ्यांदा पाहताना त्याच्या स्टॉपवॉचकडे लक्ष गेलं. एकेका गमतीची वेळ तो त्यावर बघून साधत होता.