नागपूर ते रामटेक, काचेच्या बाटल्या आणि पाण्यातला रेडॉन

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पाचा विषय ठरवायची वेळ आली, तेव्हा आमच्या मॅडमनी टेबलावर नागपूर जिल्ह्याचा भूशास्त्रीय नकाशा पसरला. शहर दोन रंगांच्या अगदी शिवेवर बसलं होतं. पश्चिमेला, अंबाझरी-हिंगण्याकडे, दख्खनचा काळा बेसाल्ट. पूर्वेला आणि ईशान्येला, मनसर-रामटेकच्या बाजूला, त्याच्यापेक्षा कितीतरी जुना नाईस (पुस्तकातला पट्टिताश्म) आणि शिस्ट. "एका दिवसात दोन वेगळ्या खडकांमधलं पाणी घेऊन परत येता येईल अशी जागा सहसा मिळत नाही," मॅडम म्हणाल्या. "दोन्हीकडच्या पाण्यातला रेडॉन मोज."

जन्मापासून नागपुरात राहूनही पायाखालचा खडक गावाच्या मधोमध बदलतो हे मला माहीत नव्हतं. त्या नकाशानेच मला पकडलं.

रेडॉनची गोष्ट थोडक्यात सांगते. प्रत्येक खडकात थोडंफार युरेनियम असतंच. त्याचं विघटन होत होत रेडियम बनतं आणि रेडियमपासून रेडॉन. या साखळीतले बाकीचे सगळे घन, हा एकटा वायू. रंग नाही, वास नाही, चव नाही. खडकाच्या भेगांत साठलेल्या पाण्यात तो विरघळतो आणि त्या पाण्याबरोबर बोअरमधून वर येतो. बेसाल्टमध्ये युरेनियम कमी, ग्रॅनाइट-नाईसमध्ये त्या मानाने जास्त. तलावाच्या आणि नदीच्या पाण्यात तो जवळजवळ सापडत नाही, कारण उघड्यावर आला की हवेत निघून जातो. त्याचं अर्धायुष्य (निम्मा संपायला लागणारा वेळ) ३.८२ दिवसांचं, म्हणजे बाटली घट्ट बंद असली तरी आतला सुमारे १७ टक्के रेडॉन पहिल्या चोवीस तासांतच संपतो.

आमची पद्धत जुनी होती. काचेच्या बबलरमध्ये पाणी घ्यायचं, त्याला हवा काढून घेतलेला सिंटिलेशन सेल जोडायचा आणि कॉक हळूहळू उघडायचा. पाण्यातून हवेचे बारीक बुडबुडे जातात आणि रेडॉन त्यांच्याबरोबर सेलमध्ये ओढला जातो. सेलच्या आतल्या भिंतीवर झिंक सल्फाइडचा थर असतो. विघटनातून निघालेला अल्फा कण त्यावर आदळला की सूक्ष्म प्रकाश पडतो आणि फोटोमल्टिप्लायर तो मोजतो. सेल भरल्यावर तीन तास थांबावं लागतं, कारण रेडॉनपासून बनणारे पोलोनियम, शिसं आणि बिस्मथ हे अल्पायुषी अणू तेवढ्या वेळात रेडॉनशी समतोलात येतात. मग एका रेडॉन अणूच्या विघटनामागे तीन अल्फा कण धरायचे. हे सगळं मी महिनाभरात शिकले. यंत्र जमलं म्हणजे काम जमलं, असं तेव्हा मला खरोखर वाटत होतं.

पहिली फेरी मे महिन्यात केली. पहाटे साडेपाचला भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून निघायचं, मांडीवर थर्माकोलचा डबा, डब्यात बर्फाच्या पिशव्या आणि काचेच्या बाटल्या. काचेच्याच का, हे मी आधी विचारलं नव्हतं. प्लास्टिकमधून रेडॉन हळूहळू झिरपून जातो, म्हणून. कामठी, कन्हान, मनसर करत रामटेकच्या बाजूची गावं. दहा वाजेपर्यंत ऊन असं व्हायचं की हातपंपाचा दांडा रुमालाने धरावा लागे.

त्या फेरीतून बारा बाटल्या आणल्या. प्रत्येक ठिकाणी दोन, म्हणजे सहा जागा. मोजणी झाली आणि एका हातपंपाच्या दोन बाटल्यांत जवळजवळ दुपटीचा फरक आला. पाणी तेच, वेळ तीच, दोन्हींच्या मध्ये पाच मिनिटांचंही अंतर नव्हतं. मी सेल बदलून पाहिला, बॅकग्राउंड पुन्हा मोजलं, गणित तीनदा केलं. फरक तसाच. शेवटी मॅडमनी दोन्ही बाटल्या मागवल्या, उजेडात धरल्या आणि विचारलं, "ही बाटली भरताना तू काय केलंस ते मला पायरीपायरीने सांग."

मी सांगितलं. पंप हापसला, धारेखाली बाटली धरली, भरली, झाकण लावलं. दुसऱ्या बाटलीच्या वेळी धार जोरात आली, फेस झाला, थोडं पाणी सांडलं, म्हणून वरून पुन्हा भरलं.

"मग रेडॉन तू पंपापाशीच सोडून आलीस," त्या म्हणाल्या.

प्रयोगशाळेत आम्ही बुडबुडे सोडून पाण्यातला रेडॉन बाहेर काढत होतो. तेच काम हातपंपाच्या धारेने माझ्या बाटलीत आधीच करून ठेवलं होतं. शिवाय झाकणाखाली वाटाण्याएवढा बुडबुडा राहिला होता आणि उन्हाने बाटली तापल्यावर आणखी रेडॉन पाण्यातून त्या बुडबुड्यात गेला होता. झाकण उघडल्याबरोबर तो उडून गेला. दुसऱ्या एका बाटलीवर मी वेळच लिहिली नव्हती. पाणी केव्हा भरलं ते माहीत नसेल तर मोजणीपर्यंत किती रेडॉन संपला याची दुरुस्ती करता येत नाही. ती बाटली सरळ बाद. पहिल्या फेरीतलं एकही निरीक्षण आम्ही प्रबंधात घेतलं नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. भावाने पेट्रोलचे पैसेही घेतले नव्हते, हे सारखं मनात येत होतं.

दुसऱ्यांदा गेले ती बादली आणि रबरी नळी घेऊन. आधी पंप पाच-सात मिनिटं सलग हापसायचा, म्हणजे पाइपात साचलेलं शिळं पाणी जाऊन खडकातलं ताजं पाणी येतं. मग बादली भरत ठेवायची, धार पाण्याच्या आतच पडेल अशी. बाटली बादलीत पूर्ण बुडवायची, नळी बाटलीच्या तळाशी टेकवायची, पाणी तळातून वर येऊन बाटलीबाहेर वाहू द्यायचं, चांगलं दोन-तीन बाटल्या होईल इतकं. नळी हळूच काढायची आणि झाकण पाण्याखालीच फिरवायचं. बाहेर काढून उलटी करायची. एकही बुडबुडा वर सरकला तर ओतून पुन्हा पहिल्यापासून. घड्याळ बघून वेळ लिहायची, पाण्याचं तापमान घ्यायचं, आणि कमरेएवढ्या उंचीवर गॅमा मीटर धरून तिथली पार्श्वभूमी नोंदवायची.

एका जागेला पाऊण तास लागायचा. हे सगळं बघायला अर्थातच गाव जमायचं.

पहिला प्रश्न सगळीकडे एकच. "पाणी खराब हाय का?" दुसरा, "सरकारनं पाठवलं का तुम्हाले?" मी नाही म्हणायचे, कॉलेजातून आले आहे, शिकते आहे. एका गावात एक आजी पंपाशेजारच्या ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. मी तिसऱ्यांदा बाटली ओतली तेव्हा त्या म्हणाल्या, "काऊन सांडतं वो पोरी? चांगलं पानी हाय." मी त्यांना झाकणाखालचा बुडबुडा दाखवला. जो वायू मोजायचा आहे तोच याच्यात पळून जातो, असं सांगितलं. त्यांनी बाटली हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि काही न बोलता परत दिली.

रेडॉनबरोबर मी दोन गोष्टी आणखी करत होते. बबलरमधलं पाणी रेडॉन काढून झाल्यावर बंद करून महिनाभर ठेवायचं. तेवढ्या काळात पाण्यातल्या रेडियमपासून जेवढा नवा रेडॉन बनायचा तेवढा बनतो आणि त्यावरून रेडियम कळतं. त्या महिन्यात बबलरच्या कॉकचं ग्रीस सुटलं तर सगळं वाया, म्हणून मी रोज सकाळी ते तपासायचे. युरेनियमसाठी वेगळी बाटली होती. ते पाणी बारीक गाळणीतून गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालायचं, म्हणजे युरेनियम बाटलीच्या भिंतीला चिकटत नाही. ते मोजायला एलईडी फ्लोरिमीटर दुसऱ्या संस्थेत होता. बाटल्या तिकडे पाठवल्या आणि आकडे यायला जे आठवडे लागले त्या काळात मोजणीचं संख्याशास्त्र वाचून काढलं. काऊंट १०० असतील तर त्यातली अनिश्चितता १०, म्हणजे दहा टक्के. १०,००० असतील तर १००, म्हणजे एकच टक्का. हे वाचल्यावर मोजणीचा वेळ वाढवला आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्याची अनिश्चितता लिहायला लागले. त्याशिवाय लिहिलेला आकडा मला आता अर्धा वाटतो.

निकाल अपेक्षेप्रमाणे आला. बेसाल्टमधल्या विहिरी कमी, नाईसमधल्या बोअर जास्त, आणि अंबाझरी व खिंडसीच्या तलावांचं पाणी यंत्राच्या मोजता येण्याच्या मर्यादेच्या आसपास. युरेनियम सगळीकडे मर्यादेच्या खाली. माझ्यासाठी काम तिथेच संपायला हवं होतं. पण गावांना मी शब्द दिला होता की आकडे घेऊन परत येईन. आणि नाईसमधल्या काही बोअरचे आकडे लिटरला अकरा बेकरेलच्या (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन) वर आणि शंभरच्या बरेच खाली होते.

हा मधला पट्टा अवघड आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९९ मध्ये पाण्यातल्या रेडॉनसाठी लिटरला सुमारे ११ बेकरेलची मर्यादा सुचवली होती. त्याच प्रस्तावात, घरातल्या हवेतला रेडॉन कमी करण्याचा कार्यक्रम राबवणाऱ्यांसाठी सुमारे १४८ बेकरेलची सवलतही होती. तो प्रस्ताव कायम झालाच नाही. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशात १०० बेकरेल आहे. एकाच बोअरचं पाणी एका कागदाप्रमाणे मर्यादेबाहेर, दुसऱ्याप्रमाणे निर्धास्त. आजींना मी कोणता कागद वाचून दाखवायचा?

मॅडमशी यावर दोन दिवस बोलले. त्यांनी मला आकड्याच्या मागचं कारण बघायला लावलं. रेडॉनचा मुख्य धोका पोटाला नाही, फुप्फुसाला आहे. पाण्यातून सुटून तो बंद घराच्या हवेत साठतो आणि श्वासातून आत जातो. पाण्यात लिटरला १०० बेकरेल असले तर घरातल्या हवेत त्याने घनमीटरला साधारण १० बेकरेलची भर पडते. हवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी घनमीटरला १०० बेकरेल आहे. अमेरिकेतल्या बंद घरांत नळाचं गरम पाणी आणि शॉवर यांतून तो हवेत येतो. आमच्या गावांत पाणी अंगणात भरलं जातं, कळशीतून ओतलं जातं, दारं दिवसभर उघडी असतात. हे सगळं मी कागदावर मांडलं तेव्हा मला स्वतःला पटलं, आणि मगच दुसऱ्याला सांगण्याची हिंमत आली.

दिवाळीनंतरच्या फेरीला प्रत्येक गावासाठी एकेक पान नेलं. त्यावर मराठीत त्यांच्या पंपाचा आकडा, त्याची अनिश्चितता आणि चार ओळी. त्या चार ओळी लिहायला मला प्रबंधाच्या कुठल्याही प्रकरणापेक्षा जास्त वेळ लागला. पाणी पिण्यात रेडॉनमुळे अडचण नाही. पाणी भरून उघड्यावर ठेवलं तर रेडॉन हळूहळू कमी होतो, उकळलं तर बहुतेक निघून जातो. युरेनियमचं तसं नाही, उकळल्याने पाणी आटतं आणि ते उलट दाट होतं. ते काढायला आरओसारखी प्रक्रिया लागते. म्हणून युरेनियम वेगळं मोजलं आहे आणि ते लिटरला ३० मायक्रोग्रॅम या मर्यादेच्या आत आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक पातळी हीच, आणि भारतीय पिण्याच्या पाण्याच्या मानकातही आता हीच आहे.

एका गावात एका काकांनी पान वाचून विचारलं, "म्हणजे थोडं तरी हाय ना?" हो म्हटलं. थोडं आहे. मग त्यांना सांगितलं की आपल्या अंगातल्या पोटॅशियममध्येसुद्धा किरणोत्सारी अंश असतो आणि मोठ्या माणसाच्या शरीरात त्याची दर सेकंदाला चार-पाच हजार विघटनं चालू असतात. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग घरात जाऊन ते पान भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं. मला तेव्हा फार जबाबदारीची जाणीव झाली. त्या पानावरचा आकडा चुकीचा असता तर? पहिल्या फेरीतला, फेसाळलेल्या बाटलीतला, निम्मा झालेला आकडा असता तर? तोही तसाच त्या खिळ्याला लटकला असता.

आजींच्या पंपावर सगळ्यात शेवटी गेले. पावसाळ्यानंतरचा नमुना घ्यायचा होता. त्या ओट्यावरून उठल्या आणि मी नको म्हणत असताना स्वतः हापसायला लागल्या. बादली भरली, बाटली बुडवली, नळी तळाशी लावली, पाणी वाहू दिलं, पाण्याखालीच झाकण फिरवलं. वेळ लिहायला मी वहीकडे वळले. तेवढ्यात आजींनी बाटली उचलून उलटी केली आणि उन्हात धरली.

"हा पाह्य," त्या म्हणाल्या. मोहरीएवढा होता. "वत ते. मी हापसतो."