निरोपी हे झाड कसं उभं राहिलं: माझा अनुभव

माझ्या कादंबरीतल्या बाराखाडी नावाच्या देशात निरोपी म्हणून एक झाड आहे. चिखलात वाढतं, कमरेएवढं, जाड पानांचं. भरतीच्या वेळी त्याच्याजवळ पाण्यावर वाकून काही बोललं की पुढच्या ओहोटीला तेच शब्द खाडीच्या पलीकडच्या काठावर तुमच्याच आवाजात ऐकू येतात, आणि बदल्यात तुम्ही जे बोललात ते तुमच्या डोक्यातून जातं, कायमचं. वाचायला चार ओळी आहेत पण त्या चार ओळी जागेवर बसायला माझा खूप वेळ गेला, आणि आता मराठीत फॅन्टसी लिहिणारे बरेच जण दिसतात, त्यातल्या कुणाला जादूचं झाड उभं करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून सगळं लिहून काढतेय.

सुरुवात गोष्टीच्या गरजेतून झाली. दोन गावं, मध्ये रुंद खाडी, होड्या राजाने बंद केलेल्या, आणि बांध राखणाऱ्या घरातल्या मुलीला पलीकडे दिलेल्या बहिणीपर्यंत निरोप पोचवायचाय. पोपट, जादूचा आरसा, स्वप्नात येऊन सांगणं असलं काही मला नको होतं कारण ते कुठल्याही देशात चालतं, वाळवंटात पण चालेल. मला त्या खाडीचंच काहीतरी हवं होतं, दुसरीकडे नेलं तर मरून जाईल असं.

प्रकाश देणारं झाड हा विचार पण आला होता. आमच्याकडे गोव्यात म्हादईच्या अभयारण्यात पावसाळ्यात रात्री हिरवट उजेड देणारी अळंबी खरोखर उगवते, कुजक्या लाकडावर, मी बघितलीय आणि बघताना बोलणंच सुचत नाही. पण माझ्या गोष्टीत तो उजेड आडवा येत होता, कारण झाड चमकलं तर ते कुठे आहे हे शिपायांना लांबूनच कळणार आणि मग लपूनछपून निरोप द्यायचा प्रश्नच मिटला. म्हणून उजेड काढला. निरोपी दिसायला अगदी साधी ठेवली, चारचौघींत उठून न दिसणारी.

मग मी रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जायला लागले. तिथे सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, 1988 सालचं, जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर, पण सगळी खारफुटी. लोक पक्ष्यांसाठी जातात, मी चिखलासाठी जायचे, आणि तेही ओहोटी बघून. ज्यांना असलं काही लिहायचंय त्यांना मी हेच सांगेन की आपल्या जवळचं एक खरं झाड धरा आणि ते पोटभर बघा, नुसते फोटो बघून भागत नाही. तिवर हे तिथलं खारफुटीचं झाड, त्याचं पान उलटं करून बघितलं तर मागच्या बाजूला मिठाचे बारीक कण असतात, उन्हात पांढरे चमकतात, बोट फिरवलं की खरखरीत लागतं आणि जिभेला लावलं तर खरंच खारट. झाड मुळातून आत आलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. खाली चिखलात पेन्सिली रोवल्यासारखी श्वासमुळं, एका मोठ्या तिवराची हजारो असतात, आणि ती सगळी जमिनीखालून आडव्या पसरलेल्या लांब मुळांवर उगवलेली. त्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच, म्हणून ओहोटीला मुळं उघडी पडली की ती हवा आत घेतात आणि भरतीला पाण्याखाली गेली की त्या साठ्यावर भागवतात. कांदळ या दुसऱ्या खारफुटीचं तर अजून वेगळं, त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, हातभर लांब हिरव्या शेंगेसारखं लटकत राहतं आणि मग खाली पडून चिखलात रुततं नाहीतर पाण्यावर तरंगत दुसऱ्या कुठल्यातरी काठाला लागतं.

हे सगळं बघून झाल्यावर निरोपीचा सांगाडा आपोआप बनला म्हटलं तरी चालेल. दोन काठांवरची निरोपी हे मुळात एकच झाड, खाडीच्या तळाखालून जोडलेलं. खरं झाड ओहोटीला श्वास घेतं, ते मी उलटं केलं, निरोपी भरतीला आत घेते आणि ओहोटीला सोडते. आणि आत घेते ती हवा नाही, आवाज. भरती आणि ओहोटी यांच्यात साधारण सहा तासांचं अंतर असतं म्हणजे निरोप पोचायला सहा तास, दिवसाला दोनच फेऱ्या, आणि रोज वेळ पन्नासएक मिनिटांनी पुढे सरकणार. शिवाय अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असेल तर निरोप लांबच्या काठापर्यंत जातो, आणि अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असेल तर अर्ध्या खाडीत विरतो. एवढ्या एका गोष्टीने माझी पाच-सहा प्रकरणं सुटली हो, कारण आता पात्रांना तिथी बघून वागावं लागत होतं, घाई असली तरी थांबावं लागत होतं आणि अष्टमीला आलेलं संकट हे खरंच संकट होतं.

पण झाडाचा जीव अजून आला नव्हता. तो आला आमच्या शेजारच्या काकांमुळे. त्यांचं अर्धं आयुष्य खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत गेलंय, मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कशी चालते ते त्यांच्याकडूनच नीट समजून घेतलं. बांधात लाकडी दारं बसवलेली असतात, भरतीचं पाणी बाहेरून दारावर चढलं की दार दाबानेच मिटतं आणि ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं, कुणी उघडायला लागत नाही की मिटायला. मी त्यांना निरोपीबद्दल सांगितलं, त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तें सगळें बरें गो बाय, पूण झाडाक कितें मेळटा?"

मी काहीच बोलले नाही, घरी आले आणि बरेच दिवस तेच डोक्यात. माणसाला काय मिळतं ते मी ठरवलं होतं, माणसाला काय द्यावं लागतं तेही, पण झाड हे सगळं कशासाठी करतं? आता वाटतं की जादूच्या झाडाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायला पाहिजे. झाड आपल्या सोयीसाठी उगवलेलं नसतं, त्याला स्वतःचं जगायचं असतं.

उत्तर पुन्हा तिवराच्या पानावर सापडलं. निरोपी खारट पाण्यात वाढते, तिलाही मीठ बाहेर टाकायचंय, पण तिला ते एकटीला जमत नाही. शब्द पलीकडे सोडताना त्या शब्दाबरोबर मिठाचा एक कण बाहेर पडतो. म्हणजे माणसं बोलत राहिली तरच झाड जगतं. ज्या काठावरची वस्ती उठून गेली तिथली निरोपी स्वतःच्याच मिठाने आतून जळून मरते. आणि आठवण कुठे जाते? ती मुळाशी राहते, चिखलात, वजन म्हणून. बाराखाडीतला चिखल भरतीने वाहून जात नाही तो लोकांच्या विसरलेल्या गोष्टींच्या वजनामुळे, आणि त्या चिखलावरच बांध उभे आहेत. आपल्याकडे बांधाच्या बाहेरच्या अंगाला खारफुटी असली की लाटांचा मार कमी बसतो हे कुणालाही माहीत आहे, मी फक्त त्यात माणसाची आठवण मिसळली. पण त्यामुळे गोष्टीतला राजा निरोपी कापायला निघाला की नुसते निरोप बंद होणार नव्हते, बांध फुटून सगळी शेतं खारी होणार होती. खलनायकाला मुद्दाम वाईट करायची गरजच उरली नाही, त्याला फक्त अज्ञानी ठेवलं.

यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडला. गोव्यात मानशीवर ओहोटीला जाळं लावून मासळी धरायचा हक्क असतो, त्याची पावणी होते, जो जास्त बोली लावेल त्याला तो हक्क. मी विचार केला की बाराखाडीत शब्द जर ओहोटीला काठावर येणार असतील तर ऐकायच्या हक्काची पण पावणी होणारच! मग बाराखाडीत कानकरी नावाची जमात आली, जी बोली लावून काठ घेते, येणारे निरोप ऐकते आणि पैसे घेऊन ज्याचे त्याला सांगते. काही कानकरी प्रामाणिक, काही अर्धवट सांगणारे, काही दोन्हीकडून पैसे घेणारे. गरिबाने काय करायचं? तो निरोप कोड्यात घालतो, ओवीत घालतो. माझी बांधकरी मुलगी आपल्या बहिणीला जात्यावरच्या ओवीतून निरोप देते, कानकऱ्याला ती नुसती ओवी वाटते. ते प्रकरण लिहिताना मला एकदाही थांबावं लागलं नाही.

नियम पक्के करायला मात्र वेगळीच युक्ती कामाला आली. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यातच छापलेलं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक आहे, पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला त्याचंच नाव आहे. ते सगळं पुस्तक संवादात आहे, एक तो स्वतः आणि दुसरा रुआनो नावाचा काल्पनिक माणूस जो सतत शंका काढतो, पारिजातकावरही त्यात एक प्रकरण आहे. मला ती पद्धत फार पटली. मी निरोपीची माहिती मुद्द्यांत लिहायचं सोडून दिलं आणि डोंगरावरून पहिल्यांदाच खाली आलेला एक व्यापारी आणि बांधावरची म्हातारी अशा दोघांचं बोलणं लिहीत बसले. थोडं इथे देते:

"झाडाजवळ रडलं तर?"

"रडण्यात शब्द नसतात, ते तुझ्याकडेच राहतं."

"आणि खोटं बोललं तर?"

"खोटंही पोचतं. पण मग तू काय खोटं बोललास ते तुला आठवणार नाही, आणि समोरच्याला आठवेल."

"गाणं म्हटलं तर?"

"शब्द जातात. चाल राहते. आमच्याकडे नुसत्या चाली गुणगुणणारी माणसं पुष्कळ आहेत, त्यांना विचारू नकोस कुठलं गाणं ते."

असं पानंच्या पानं लिहिली, त्यातलं कादंबरीत फार थोडं गेलं, पण व्यापाऱ्याला शंका विचारायला लावली की झाड काय करू शकत नाही हे मला भराभर कळत गेलं आणि माझ्या मते काय करू शकत नाही हेच जास्त महत्त्वाचं.

गणपतीच्या दिवसांत अजून एक भर पडली. आमच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या लाकडी चौकटीला, रानातली फळं, वेली, कंदमुळं बांधतात, बाजारात ती विकायला बसलेल्या बायका कुठली वस्तू कुठल्या रानात, कुठल्या कड्याखाली मिळते ते न विचारता सांगतात. त्यांच्याशी बोलताना वाटलं की बाराखाडीतल्या लोकांनाही निरोपी अशीच ठाऊक असायला हवी, पुस्तकातून नाही, वापरातून. मग ठरवलं की तिथल्या घराघरांत चवथीसारख्या सणाला सगळं रान टांगतील पण निरोपीची डहाळी कधीच आणणार नाहीत, कारण घरातलं बोलणं घरात राहायला हवं.

लिहून झालेला भाग मी पुतणीला वाचायला दिला, नववीत आहे, भरपूर वाचते. तिने एकच विचारलं. "आत्या, मग लोक मुद्दाम विसरायला नाही का जाणार तिथे?"

हे मी कुठेतरी ओळखून होते, पण तिच्या तोंडून आल्यावर त्याला स्वतःची जागा द्यावीच लागली. ज्या बाईचं मूल बुडालंय ती एका उधाणाला काठावर जाते आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सगळं सांगते, पाणी उतरायला लागेपर्यंत. परत येते ती हसत, स्वयंपाकाला लागते, आणि नवऱ्याला विचारते हा छोटा पाट कुणाचा. कादंबरीचा तिसरा भाग हा तिचा आणि नवऱ्याचा आहे, कारण त्याला सगळं आठवतंय आणि घरात ते आता त्याच्या एकट्याकडे आहे.

आणि पलीकडच्या काठावर त्या ओहोटीला एक कानकरी बसलेला असतो, ज्याने ते सगळं ऐकलं. त्याला काय भोगावं लागतं यावरून वहिनीचं आणि माझं अजून जुळत नाही. तिचं म्हणणं, ऐकणाऱ्यालाही झाडाने काहीतरी सूट द्यायला हवी, निदान पुढच्या अमावास्येपर्यंत तरी त्यानेही विसरावं, नाहीतर तो माणूस वेडा होईल. मी म्हणते, ऐकणाऱ्याला सूट दिली तर त्या मुलाबद्दल आईचे शब्द जगात कुणाकडेच उरणार नाहीत, आणि झाडाला एवढा अधिकार मी देणार नाही. म्हणून कानकरी विसरत नाही. शेवटच्या प्रकरणात तो होडी मिळवून अलीकडे येतो आणि त्या नवऱ्याला शोधत गावात फिरतो. वहिनीने ते प्रकरण वाचलं, तिला आवडलं, पण आपला मुद्दा तिने सोडलेला नाही.