फ्लॉपी आधी उतरवून घ्या, मग ओळखा

जुनी फ्लॉपी हाती आली की ड्राइव्हमध्ये घालून फायली उघडायचा मोह होतो. तो आवरा. वय झालेल्या फ्लॉपीवरचा चुंबकीय थर हेडच्या (ड्राइव्हच्या वाचणाऱ्या टोकाच्या) घर्षणाने खरवडला जातो आणि खरवडलेला डेटा कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. एकदाच नीट वाचून पूर्ण प्रत उतरवायची. आत काय आहे याचा शोध त्या प्रतीत घ्यायचा.

पहिलं काम राइट-प्रोटेक्ट, म्हणजे फ्लॉपीवर चुकून काही लिहिलं जाणार नाही अशी सोय. साडेतीन इंची फ्लॉपीत खिट्टी सरकवून भोक उघडं ठेवा. सव्वापाच इंचीत उलट: कडेची खाच झाका, तीही अपारदर्शक पट्टीने, कारण बऱ्याच ड्राइव्हमध्ये ती प्रकाशाने तपासली जाते. हे टाळू नका. विंडोज ९५ आणि ९८ नुसती फ्लॉपी वाचली तरी बूट सेक्टरमधलं (फ्लॉपीच्या अगदी पहिल्या तुकड्यातलं) ओईएम नाव, म्हणजे फॉरमॅट करणाऱ्या सिस्टिमचं नाव, बदलून टाकतात.

मग शटर सरकवून तबकडी हळूहळू फिरवत तिरक्या उजेडात बघा. पांढरट ठिपके म्हणजे बुरशी. धागे न सुटणाऱ्या बोळ्याला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. वाचताना चिरका आवाज आला तर तत्क्षणी थांबा, हेड पुसा. हेडवर साचलेली घाण पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही ओरखडा काढते.

यूएसबी ड्राइव्ह सोयीचा, पण तो फक्त पीसीच्या साडेतीन इंची फॉरमॅटचे सेक्टर (डेटाचे ठरावीक तुकडे) देतो. अमिगाची ८८० केबीची किंवा जुन्या मॅकची ८०० केबीची फ्लॉपी त्याला कोरीच वाटते. माझी पसंती ३४ पिनांचा साधा अंतर्गत ड्राइव्ह आणि ग्रीझवीझल बोर्ड यांना. हा बोर्ड सेक्टरचा अर्थ लावत बसत नाही, चुंबकीय बदलांमधल्या वेळा तशाच नोंदवतो. दर ट्रॅकला (तबकडीवरच्या गोल पट्ट्याला) ३ ते ५ फेरे घेऊन या वेळांची एससीपी फाइल साठवा. सव्वापाच इंची ड्राइव्हला ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टही लागतात, तेव्हा वेगळा पॉवर सप्लाय जोडा. ३६० केबीची फ्लॉपी ८० ट्रॅकच्या ड्राइव्हमध्ये वाचताना हेड दोन-दोन पावलं सरकवावं लागतं.

या फाइलमधून सेक्टर काढताना काही चुकले तर ते कुठे चुकले ते बघा. एकाच बाजूचे सगळे गेले तर बहुधा हेड मळलंय. शेजारच्या ट्रॅकवर त्याच जागी चूक दिसली तर ओरखडा किंवा बुरशी. आतल्या ट्रॅककडे चुका वाढत गेल्या तर सिग्नल कमजोर आहे, कारण आतल्या वर्तुळात बिट दाटीने बसतात. सगळंच चुकत असेल तर फॉरमॅटचा अंदाज चुकला असेल किंवा फ्लॉपी लिहिणाऱ्या ड्राइव्हचं हेड वाकडं असेल. दुसरा ड्राइव्ह लावून बघा.

आता ओळख. डॉसच्या फ्लॉपीत पहिल्या सेक्टरच्या शेवटी सहसा ५५ एए (हेक्साडेसिमल आकडे) असतं. शून्यापासून मोजलेल्या बाइट २१ मध्ये एफ० असेल तर १.४४ एमबी, एफडी असेल तर ३६० केबी. एफ९ मात्र ७२० केबीलाही असतं आणि १.२ एमबीलाही, म्हणून बाइट २४ बघा: तिथे दर ट्रॅकचे सेक्टर लिहिलेले असतात, ७२० ला ९ आणि १.२ ला १५. लेबलवर विसंबू नका, ते कितीदा बदललेलं असतं!

१.४४ एमबीच्या फ्लॉपीत सेक्टर शून्यापासून मोजले तर १ ते ९ मध्ये पहिली फॅट (कुठल्या फाइलचे तुकडे कुठे आहेत याचा तक्ता), १० ते १८ मध्ये तिचीच प्रत आणि १९ ते ३२ मध्ये फायलींची यादी असते. पहिली फॅट खराब असेल तर दुसरी वापरा. यादीत नावाचं पहिलं अक्षर ई५ असेल तर ती फाइल पुसलेली आहे. सुरुवातीचा क्लस्टर (फाइलचा पहिला तुकडा कुठे आहे तो आकडा) आणि आकार तिथे शिल्लक असतात, फॅटमधली साखळी मात्र पुसली जाते. त्यामुळे फाइल सलग होती असं गृहीत धरूनच जुळवावी लागते आणि मध्येच भलत्याच फाइलचा तुकडा घुसू शकतो. शेवटच्या बाइटपर्यंत तपासल्याखेरीज ती फाइल मिळाली असं धरू नका.