गांडुळाचा पट्टा

मी प्राध्यापक नव्हतो. नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट होतो. उन्हाळ्यात इथली काळी माती भेगाळते, गांडुळं पार खोल जातात. पाऊस लागला की टॉर्च नि डबा घेऊन मी अंबाझरी तलावाकडे निघायचो.

काल नातीनं दहावीचं पुस्तक पुढं केलं. "वलयी प्राणी म्हणजे अंगावर वलयं असणारे नं, आबाजी?"

म्हटलं, बाप्पा! वलयं तर जळूच्याही अंगावर असतात, पण ती फसवी. गांडुळाच्या अंगावरची रेघ म्हणजे आतल्या पडद्याची खूण. दोन पडद्यांमध्ये एक खोली, अशा शंभर-सव्वाशे खोल्यांची ती चाळच. अन्नमार्ग, रक्तवाहिन्या, चेतारज्जू या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच. पण मोरी मात्र जवळपास प्रत्येक खोलीची वेगळी. उत्सर्जनाच्या नळ्या म्हणजे त्या मोऱ्या. जळूचे खरे खंड ३३च, मधल्या भागात एकेका खंडावर पाच-पाच रेघा. आत पडदेही नाहीत.

पुस्तकात दृढरोम, परापाद, चूषक असे शब्द आहेत. पोरं घोकतात. मोठं गांडूळ कोरड्या कागदावर सोडा, सरकताना खरखर ऐकू येते. ती अंगावरच्या बारीक ताठ केसांची. तेच दृढरोम. परापाद आमच्या फॉर्मॅलिनच्या बरणीतल्या नेरिस या समुद्री वलयी प्राण्याला होते, दोन्ही अंगांना वल्ह्यांसारखे. जळूला दोन टोकांना चिकटायचे दोन चूषक, रोम नाहीत.

म्हणून आमच्या वेळी तीन वेगळे वर्ग शिकवायचे. आता जळू गांडुळांच्याच घरातली धरतात. दोघांनाही मोठं झाल्यावर अंगावर जाडसर पट्टा येतो नं! जळूचा फक्त विणीच्या काळात दिसतो. त्याच पट्ट्यातून अंड्यांचा कोष तयार होतो. नेरिसला पट्टा नाही.

या पट्ट्यानं माझी एकदा फजिती केली. परीक्षेसाठी मी घाईत बारकी, पट्टा न आलेली गांडुळं आणली. आमच्या लॅबमधल्या फेरेटिमा गांडुळाचा पट्टा तोंडाकडून १४ ते १६ या खंडांवर, नर-जननछिद्रं १८व्यावर. पट्टाच नाही तर पोरं तोंड कुठलं धरणार? अर्ध्या बॅचनं शेपटीकडून मोजलं. बाहेरून आलेले परीक्षक माझ्यावर असे भडकले की पुढच्या पावसाळ्यापासून मी एकेक गांडूळ टॉर्चखाली धरून पाहायचो.

नात ऐकता ऐकता उठली, तुळशीची कुंडी उकरून एक घेऊन आली. तळहातावर उलटसुलट केलं.

"पट्टा नाही, आबाजी."

"लहान आहे मग ते. ठेव परत."