सतरावी नोंद: सेर्रालुंगाचे बारबा आणि माझी अडलेली बार्बेरा

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की दामिजानातली (मोठ्या काचेच्या बुधल्यातली) माझी बार्बेरा, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षांची घरी केलेली लाल वाईन, अडलीय आणि पुढे काय करावं ते सुचत नाही. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: सप्टेंबरअखेर इथे इटलीत आस्तीजवळच्या एका शेतकऱ्याकडून ९० किलो बार्बेरा द्राक्षं आणली. रस २१ बाबो भरला. बाबो म्हणजे १०० किलो रसात किती किलो साखर; त्या हिशेबानं साधारण १३ टक्के अल्कोहोल. अकरा दिवस सालींसकट आंबवली, पिळली, ५४ लिटरची काचेची दामिजाना गळ्यापर्यंत भरली आणि तोरिनोतल्या आमच्या इमारतीच्या तळघरात ठेवली. पाचेक लिटर वर भर घालायला राखून ठेवली. साखर संपली, पण आंबटपणा काही उतरेना. जानेवारीतही घोट घेतला की दात आंबायचे, कच्ची कैरी खाल्ल्यासारखे. आम्ल मारायची पावडर आणून ठेवली होती. ती टाकायच्या आधी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सेर्रालुंगाला जाणं झालं, हे फार बरं झालं.

ऑफिसातल्या सहकाऱ्याचे आजोळचे एक नातेवाईक तिथे बारोलो, म्हणजे नेब्बिओलो द्राक्षांची लाल वाईन, करतात. वय ८१, आणि अजून छाटणीची कात्री स्वतःच्या हातात. गावात सगळे त्यांना बारबा म्हणतात. पिएमोंतेच्या, म्हणजे या प्रांताच्या, बोलीत बारबा म्हणजे काका. मीही तसंच म्हटलं आणि त्यांना ते आवडलं. अर्धा लिटर बार्बेरा बाटलीत भरून सोबत नेली होती, पण पिशवीतून बाहेर काढायचा धीर दोन तास झाला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ते बागेतच होते. लांगेच्या टेकड्यांवर धुकं होतं. नेब्बिओलो या द्राक्षाचं नाव नेब्बिया, म्हणजे धुकं, यावरूनच पडलं असं मानतात. मी तासगाव तालुक्यातला, घरी तास-ए-गणेश जातीच्या द्राक्षांची बाग, त्यामुळे छाटणी बघितली की पाय आपोआप थांबतात. आपल्याकडे एप्रिलची खरडछाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, अशी एकाच वेलीवर वर्षातून दोनदा कात्री फिरते. इथे थंडीत वेल झोपते, म्हणून छाटणी एकदाच. आणि बारबा काडी चांगली लांब, आठ-दहा डोळ्यांची ठेवत होते. कारण विचारलं, तर म्हणाले, "नेब्बिओलोचे पहिले दोन-तीन डोळे वांझ. आखूड छाटलीस तर पानं मिळतील, घड नाही." आपल्याकडे कितव्या डोळ्यात घड आहे ते कळावं म्हणून काड्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासून आणतात, हे मी सांगितलं. त्यांनी कात्री खिशात घातली आणि दहा मिनिटं मलाच प्रश्न विचारले. खुंट कोणता? पाणी किती? ऑक्टोबरात छाटता, मग पाऊस आला तर? माझ्या वडिलांना हा माणूस भेटायला हवा होता, असं तेव्हा फार वाटलं.

माती उचलून दाखवली. फिकट, चुनखडीची. आपल्याकडे चुनखडीची जमीन म्हटलं की पानं पिवळी पडायची धास्ती. इथे तीच माती म्हणजे वैभव. सेर्रालुंगाच्या बाजूची जमीन जास्त जुनी आणि घट्ट, तिथली वाईन कडक आणि सावकाश उलगडणारी. ला मोर्राच्या बाजूला निळसर मार्ल (चुनखडी मिसळलेली चिकणमाती), तिथली लवकर मऊ होते. अकरा गावांच्या हद्दीत बारोलो करता येते आणि ही गावं एकमेकांपासून सायकलनं जाण्याइतकी जवळ आहेत. तरी फरक जिभेला कळतो.

आता तळघर. खरं तर ही नोंद त्यासाठीच आहे.

पहिला ग्लास डोल्चेत्तोचा, इथल्याच आणखी एका द्राक्षाच्या लाल वाईनचा. मी सवयीनं वही काढली आणि लिहायला लागलो: चेरी, बदाम, थोडा... बारबांनी वहीवर हात ठेवला. "वास नंतर. आधी सांग, कुठे धरलं?" मला कळलं नाही. त्यांनी घोट घेतला, तोंडभर फिरवून थुंकला आणि बोटानं वरच्या हिरड्या दाखवल्या. "इथे. आणि किती वेळ? मोज."

मित्रांनो, माझ्या आधीच्या सोळा नोंदी काढून पाहा. सगळ्या वासांच्या याद्या आहेत. गुलाब, डांबर, चामडं, लिकोरिस. ते खोटं नाही, पण त्यातून वाईन कशी उभी आहे ते काहीच कळत नाही. मराठीत तर यासाठी शब्द आयते आहेत आणि मी ते कधी वापरलेच नाहीत. तुरट हा आपल्या सहा रसांपैकी एक. कच्च्या केळ्यानं जिभेला मिठी बसते, जांभळानं जीभ जड होते, हिरड्याच्या फळानं सगळं तोंड सुकतं, सुपारी गालाच्या आतून धरते. हे चार वेगळे तुरटपणे आहेत आणि चारही आपल्याला लहानपणापासून ओळखता येतात.

मग तसंच चाखत गेलो. डोल्चेत्तो: हिरड्यांवर धरलं, आठ मोजेपर्यंत सुटलं, लाळ फारशी आली नाही, म्हणजे आम्ल कमी. त्यांची बार्बेरा: गडद जांभळी, पण तुरटपणा जवळजवळ नाहीच, थुंकल्यावर जिभेखाली पाण्याचे झरे फुटले. हेच तिचं हाड, आम्लाचं. त्यानंतर मोठ्या पिंपातली २०२२ ची नेब्बिओलो, अजून बारोलो म्हणवायचा हक्क न मिळालेली. रंग इतका फिका की ग्लासातून माझ्या वहीतली अक्षरं वाचता आली. आणि तोंडात गेल्यावर हिरड्या, टाळू, गाल, सगळीकडून एकदम धरलं, वर लाळही सुटली. तीस मोजले तरी सुटेना. रंगानं लाजरी आणि पकडीनं पैलवान, असं द्राक्ष मी दुसरं पाहिलेलं नाही.

नियमानं बारोलोला सुगीच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने थांबावं लागतं, त्यातले १८ लाकडात. लेबलवर रिझेर्वा (जास्त काळ मुरवलेली) लिहायचं तर ६२ महिने. बारबांची पिंपं स्लाव्होनियाच्या ओकची, एकेक ३,००० लिटरचं. ऐंशी-नव्वदच्या दशकात इथल्या तरुण मंडळींनी २२५ लिटरची छोटी फ्रेंच पिंपं आणली आणि त्यावरून घराघरांत भांडणं झाली. बारबांनीही सहा आणून पाहिली होती, चार वर्षांनी विकली. छोट्या पिंपात वाईनचा लाकडाशी संबंध कितीतरी जास्त येतो. नव्या लाकडाचा स्वतःचा तुरटपणा उतरतो आणि व्हॅनिलाचा वासही. मला वाटतं ज्या द्राक्षाला आधीच एवढी पकड आहे त्याला लाकडाची पकड उसनी कशाला द्यायची? तुमच्यातल्या काहींना छोटी पिंपं आवडतात, त्यांनी जरूर वाद घालावा.

बाटल्या तीन उघडल्या. २०१४, पावसाळी उन्हाळ्याचं वर्ष: हलकी, पकड बारा-पंधरा मोजेपर्यंत, पण मला ती अतिशय लोभस वाटली. पावसाच्या वर्षी निम्मे घड कापून टाकले होते, असं बारबा म्हणाले. २०१०: अजून बंद मूठ. मग १९९६. कडा नारिंगी, विटेसारखी. धरलं तर होतंच, पण दोरी आवळावी तसं नाही, हात हातात घ्यावा तसं. सालींतला तो तुरटपणा गेलेला नाही, फक्त त्याचे कण एकमेकांना जोडले गेले, काही तळाशी गाळ होऊन बसले. वहीत त्या वाईनपुढे मी फक्त "४१" लिहिलंय. तेवढे मोजले.

मधेच १९८६ चा विषय निघाला. त्या वर्षी मिथेनॉल मिसळलेली स्वस्त वाईन पिऊन इटलीत वीसहून अधिक माणसं दगावली, आणि ज्यांचा काही संबंध नव्हता अशा पिएमोंतेच्या शेतकऱ्यांचा मालही पडून राहिला. बारबांचे वडील आधी आल्बाच्या चौकात व्यापाऱ्याला द्राक्षं विकायचे, भाव तो सांगेल तो. आमच्याकडे एका व्यापाऱ्यानं पूर्ण हंगामाचे पैसे बुडवले होते, तेव्हा घरात दोन दिवस कुणी बोललं नव्हतं. मी ते सांगितलं. त्यांनी माझ्या ग्लासात थोडी १९९६ आणखी ओतली.

तेव्हा मी पिशवीतली बाटली काढली.

बारबांनी ती इतर वाईनसारखीच मन लावून चाखली. पहिला प्रश्न: "गंधक घातलंस का?" नाही म्हटल्यावर चेहरा खुलला. दुसरा: "तळघरात किती अंश?" अकरा. ते म्हणाले, "मग हिचं काही बिघडलेलं नाही, हिला थंडी वाजतेय." साखरेचं आंबणं संपल्यावर जिवाणू मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे कैरीचा आंबटपणा जाऊन ताकाचा मऊपणा येतो. पण १८ अंशांखाली ते सुस्तावतात. जुन्या काळी हे काम आपसूक वसंतात, तळघर उबदार झाल्यावर व्हायचं. पावडर टाकली असती तर आम्ल उतरलं असतं, पण बार्बेराचं हाडच मोडलं असतं. आणि आधी गंधक घातलं असतं तर जिवाणूच मेले असते.

निघताना बारोलो किनातो दिली, मसाले आणि सिंकोनाची साल घातलेली. पहिल्या घोटाला लहानपणीचं कोयनेल आठवलं, दुसऱ्याला दालचिनी.

सद्यस्थिती: शेजाऱ्याच्या मदतीनं दामिजाना वर आणली, ब्लँकेट गुंडाळून हीटरपासून हातभर लांब ठेवलीय, तापमान २० अंश. गळ्यापर्यंत भर घातली, हवा राहू दिलेली नाही. नवव्या दिवशी पाण्याच्या झडपेतून पहिला बुडबुडा आला. आता मिनिटाला एक येतोय. पण उबेनं आधीचाच विरघळलेला वायूही सुटत असेल, म्हणून बुडबुड्यांवर विश्वास न ठेवता क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे वाईनमधली आम्लं वेगवेगळी करून दाखवणारा, कागद मागवलाय. निळसर हिरव्या कागदावर पिवळे ठिपके येतात: खाली टार्टारिक, मधे मॅलिक, वर लॅक्टिक. मधला ठिपका पुसला गेला की काम झालं. ही चाचणी कुणी घरी केली असेल तर सांगा, कागद रात्रभर वाळवता की सकाळीच वाचता? माझ्याकडे कागद दोनच आहेत.